शेवटचा थर वार्निशचा नव्हे, काचेचा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि. आपल्या पुरवणीतील मिनाकामावरच्या (मिना म्हणजे धातूवर भाजून चढवलेली रंगीत काच) लेखात ‘शेवटी चकाकीसाठी पारदर्शक थर मारावा’ एवढं एकच वाक्य होतं. त्या ‘मारावा’पाशी अडखळले. तो थर वार्निशचा नव्हे. तीही काचच, फक्त बिनरंगाची; साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळून खालच्या मिन्याशी एकजीव होते.

शिकत असताना मी चांदीच्या तारांत एक निळा मासा भरला होता. तीन भाजण्या छान झाल्या. चौथीत एकदाच काय ते उरकावं म्हणून पारदर्शक पूड जाड पसरली. मासा बाहेर आला तो धुक्यात बुडालेला! पूड मी एकाच पाण्यात धुतली होती. तिच्यातली अगदी बारीक धूळ राहिली की थर गढूळ होतो, आणि जाड थरात ते दुप्पट दिसतं. आता वरचं दुधाळ पाणी ओतत राहते, ते नितळ होईपर्यंत. शेवटचं पाणी डिस्टिल्ड. थर पातळच, लागलाच तर दुसरा, पण वेगळ्या भाजणीत. ओलावा टिपून घ्यायचा आणि दागिना भट्टीजवळ ठेवून पूर्ण सुकू द्यायचा, नाहीतर आत जाताच वाफ कण उडवते. भट्टीतून लवकर काढला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा राहतो. वरची काच खालच्या रंगांपेक्षा उशिरा वितळणारी नको. ती वितळेपर्यंत खालचे रंग बिघडतात. आणि पुढून काच वाढवली तर पत्र्याच्या मागेही मिना हवा, नाहीतर निवताना तडा जातो.

खरं तर निम्म्या कामांना हा थर लागतच नाही. घासून सपाट केलं आणि पुन्हा एकदा भाजलं, तरी चकाकी येते.

लेखासोबतच्या छायाचित्रातली चकाकी मला तरी रेझिनची, म्हणजे न भाजता घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवाची वाटली. रेझिन वापरू नये असं नाही. पण ते भट्टीत जात नाही, त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि उन्हात ते पिवळं पडू शकतं. घेणाऱ्याला तसं सांगून द्यावं.

लेख वाचून कोणी घरी करून पाहणार असेल, तर एवढं जरूर छापा: कोरडी पूड चाळताना धूळ अडवणारा चांगला मास्क लावा. काही मिन्यांत शिसं असतं.

आपली,
एक मिनाकाम करणारी वाचक