मान वाकडी म्हणून व्यायाम माफ नाही

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या मानेच्या एमआरआय रिपोर्टचे फोटो मिळाले. आईने पाठवलेल्या पहिल्या फोटोत निम्मी शेव-उसळच होती, पण दुसऱ्यात सगळं वाचता आलं. बाबा, ‘मान जन्मतःच वाकडी निघाली, आता व्यायाम करून काय होणार?’ हे तुम्ही फोनवर ज्या थाटात सांगितलंत, त्यात काळजी कमी आणि सुटका झाल्याचा आनंद जास्त होता. आणि आईचं पालुपद ठरलेलं, दोन उशांवर मान टेकून पेपर वाचल्याचं हे फळ. फोनवर तुम्ही दोघं एकमेकांना बोलू देत नाही, म्हणून लिहायला बसले.

रिपोर्टमध्ये ‘फॅसेट ट्रोपिझम’ लिहिलंय ते असं. मानेत सात मणके. पहिल्या दोघांमध्ये गादी नसते, पण मान वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम तेच दोघं करतात. उरलेलं खालच्यांनी वाटून घ्यायचं. तिथे दर दोन मणक्यांत पुढे गादी, आणि मागे डावी-उजवीकडे एकेक छोटा सांधा, तो फॅसेट. या सांध्यांचा उतार साधारण ४५ अंशांचा. दोन्ही बाजूंचे उतार एकसारखे नसले की झाला ट्रोपिझम. थोडाफार फरक पुष्कळ लोकांत असतो. तुमच्यात तो पाचव्या-सहाव्या मणक्यात जरा जास्त आहे, आणि गादीही तिथलीच फुगली आहे.

मग गादी त्यामुळेच गेली का? आपल्या माडीच्या दाराच्या बिजागऱ्या एका रेषेत नाहीत, म्हणून उघडताना फळी पिळली जाते. तसंच, सांधे असमान असले की मान वळताना जोर एका बाजूला जास्त येतो आणि गादीला पीळ बसतो, असा तर्क आहे. कॅनडात फारफान आणि सुलिव्हन या दोघांनी १९६७ मध्ये हा संबंध मांडला, पण तो कमरेच्या मणक्यांबद्दल. पुढे कमरेवरच्याच अभ्यासांत कुणाला संबंध दिसला, कुणाला नाही. मानेवरचं काम बऱ्याच नंतरचं. संगणकावर मानेची प्रतिकृती करून बघितलं, तर असमान सांध्यांमुळे गादीवरचा दाब वाढतो असं दिसतं. पण खऱ्या माणसात घोळ आहे: वयाने सांधेही झिजतात, त्यांना हाडाची वाढ येते, आकार बदलतो. सत्तरीत काढलेल्या एका एमआरआयवरून आधी सांधा वाकडा होता की आधी गादी गेली, हे कुणी सांगू शकत नाही. तेव्हा बाबा, ‘जन्मतःच’ हा शब्द तुमचा, रिपोर्टचा नाही. आणि आई, दोन उशांनी मान अवघडते हे खरं, पण सांध्याचा उतार उशीने बदलत नाही.

गादी फुगली हे वाचूनही घाबरू नका. जपानमध्ये १२११ निरोगी लोकांच्या मानेचे एमआरआय काढले, २०१५ मध्ये ते छापून आलं. कसलाही त्रास नसलेल्या त्या लोकांपैकी ८७.६ टक्क्यांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली! मी दिवसभर फिजिओथेरपीच्या टेबलाशी उभी असते, फिल्म भयंकर आणि माणूस ठणठणीत हे नेहमीचंच.

बाबा, मला काळजी तुमच्या बधिर अंगठ्याची. दिवाळीत बडोद्याला खंडेराव मार्केटात भाजीचे पैसे देताना तुम्ही खिशातली सगळी नाणी तळहातावर काढून डोळ्यांनी निवडत होतात. पूर्वी दोनचं नाणं खिशातल्या खिशात बोटांनी ओळखायचात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर होणं म्हणजे सहावी नस, ती पाचव्या-सहाव्या मणक्यातूनच निघते. म्हणजे रिपोर्ट आणि हात एकच गोष्ट सांगताहेत. अशी दबलेली नस बहुतेकांची काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, ऑपरेशनशिवाय शांत होते.

मात्र शर्टाची बटणं लावायला जमेना, चालताना तोल जाऊ लागला, हाताची ताकद कमी होत गेली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर माझ्या फोनची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तेव्हा नुसती नस नाही, मज्जारज्जू दबत असू शकतो.

आणखी एक. तुम्ही जुम्मादादांच्या आखाड्यात वाढलात, हाडं बसवणाऱ्यांवर तुमचा विश्वास, तो मी मोडायला जात नाही. पण केस कापून झाल्यावर मान कडाकड मोडून देणाऱ्याला हात लावू द्यायचा नाही. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्याने फाटू शकते. क्वचित होतं, पण होतं. पट्टाही दिवसभर बांधून बसू नका, स्नायू सैल पडतात. ॲक्टिव्हा मागे घेताना मान मुरडण्याऐवजी उतरून ढकला.

व्यायाम तीनच आहेत: हनुवटी आत घेणं, खांदे मागे ओढणं, आणि तळहाताने कपाळ अडवून मान न हलवता जोर लावणं. हातात कळ गेली तर थांबायचं. सोमवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर करून घेते. आईने मोबाइल धरायचा आणि मधे बोलायचं नाही. अंगठ्याची बधिरता मनगटाकडे सरकते आहे का, तेवढं आधी बघून ठेवा.

तुमची,
चिमी