डीव्हीडी रेकॉर्डर घेण्याविषयी आई-बाबांना पत्र

नेरूळ, नवी मुंबई
२२ जून २००८

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर विचारले होते की बारा हजारांच्या आत चांगला डीव्हीडी रेकॉर्डर बसेल का आणि बसत असेल तर कोणता घ्यावा. उत्तर फोनवरही देता आले असते. परंतु गोखले रोडवरच्या दुकानात तुम्हाला एका बैठकीत इतके काही ऐकवण्यात आले आहे, की त्यातले आपल्या कामाचे काय आणि बिनकामाचे काय, हे सावकाश लिहूनच कळवावे असे वाटले. दुकानात पुन्हा जाल तेव्हा हे पत्र सोबत असू द्या.

सुरुवात दिवाणाखालच्या पेटीपासून करते. त्या पेटीत व्हीएचएसच्या एकोणीस टेप आहेत: दादाची मुंज, माझे लग्न, आईच्या भजनी मंडळाचे कार्यक्रम आणि आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची ती टेप, जिच्यात आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. आजीचा आवाज त्या टेपखेरीज आपल्याकडे कुठेच नाही. बाबांना सह्याद्री वाहिनीवरचे गाण्याचे कार्यक्रम टिपून ठेवायचे आहेत, हे मी विसरलेले नाही. पण वाहिनीवरचा कार्यक्रम पुन्हा लागू शकतो, टेप मात्र बुरशीने गेली की गेली. म्हणून रेकॉर्डर निवडताना टेपचे काम पहिले आणि टीव्हीचे दुसरे, असा क्रम मी धरला आहे.

दुकानदाराने व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर एकाच डब्यात असलेले जोडयंत्र सुचवले. आपला व्हीसीआर गेल्या दिवाळीत व्यवस्थित चालला होता, त्यामुळे जे घरात आहे त्यासाठी पुन्हा पैसे मोजण्याचे कारण नाही. शिवाय जोडयंत्रातला एक भाग बिघडला की दोन्ही भाग दुरुस्तीला जातात. साधा रेकॉर्डर घ्या आणि व्हीसीआर त्याला एव्ही वायरने जोडा. आपल्या व्हीसीआरमधून आवाजाची एकच पिन निघते, तेव्हा रेकॉर्डरच्या पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही जागी आवाज पोहोचवणारी, एकाची दोन टोके होणारी वायर मागून घ्या. नाहीतर आजीच्या ओव्या एकाच बाजूच्या स्पीकरमधून ऐकू येतील.

दुसरा प्रश्न हार्ड डिस्कचा. हार्ड डिस्क असलेल्या रेकॉर्डरमध्ये आधी सगळे आतच साठवता येते, नको तो भाग कापता येतो आणि मग हवे तेवढेच डिस्कवर उतरवता येते. सोय फार चांगली आहे, पण ती घेतली तर आपले अंदाजपत्रक कोलमडते. माझ्या संगणकाला डीव्हीडी रायटर आहे. तुम्ही तयार केलेल्या डिस्कची कापाकापी आणि दुसरी प्रत काढण्याचे काम मी इथे करीन, त्यामुळे हार्ड डिस्क नसलेले यंत्र घेण्यात आपले काही अडत नाही.

अमेरिकेतल्या मामाने तिकडून रेकॉर्डर आणण्याची तयारी दाखवली आहे, असे आईने सांगितले. त्याला मनापासून धन्यवाद कळवा, पण आणू देऊ नका. तिकडची यंत्रे एनटीएससी पद्धतीची असतात, म्हणजे ५२५ ओळींचे चित्र. आपल्या टेप आणि आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ६२५ ओळींचा. तिकडच्या बहुतेक रेकॉर्डरना आपली टेप नीट टिपताच येत नाही आणि आपल्या केबलवरच्या वाहिन्याही त्यांच्या ट्यूनरला, म्हणजे वाहिनी पकडणाऱ्या भागाला, सापडत नाहीत. विजेचा दाबही निराळा, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागेल. भर म्हणजे चित्रपटांच्या डिस्कसाठी त्यांचा विभाग १ असतो आणि आपला ५, म्हणजे इथे विकत घेतलेला चित्रपट त्यावर लागेलच असे नाही.

आता डिस्कविषयी. डीव्हीडीत वजा (डीव्हीडी-आर) आणि अधिक (डीव्हीडी+आर) अशी दोन कुळे आहेत, कारण दोन गटांच्या कंपन्यांनी आपापली पद्धत वेगळी काढली. तुमच्या आवडीच्या कार्यक्रमांसाठी आरडब्ल्यू डिस्क घ्या. ती पुसून सुमारे हजार वेळा वापरता येते, म्हणजे चार-पाच डिस्कमध्ये बाबांचे काम भागेल. टेप उतरवण्यासाठी मात्र एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर घ्या, म्हणजे चुकून आजीवर क्रिकेटचा सामना चढणार नाही. डीव्हीडी-रॅम नावाचा तिसरा प्रकार लाखभर वेळा लिहिता येतो, पण तो पुष्कळ साध्या प्लेयरवर चालत नाही, तेव्हा केवळ त्याच्या नावाने पैसे वाढवून देऊ नका.

यंत्राच्या खोक्यावर 'आठ तास रेकॉर्डिंग' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. बाबा, कृपया त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. डिस्कची जागा ४.७ जीबी इतकीच असते. तास वाढवले की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला येणारी माहिती कमी होते, एवढाच त्याचा अर्थ. एक्सपी या दर्जात एका डिस्कवर एक तास बसतो, एसपीमध्ये दोन आणि एलपीमध्ये चार. टीव्हीवरच्या स्वच्छ चित्राला एलपी एक वेळ चालून जाईल, पण जुन्या टेपचे तसे नाही. टेपच्या चित्रात सतत हलणारे दाणे असतात आणि रेकॉर्डरला चित्र कोणते व दाणे कोणते हे कळत नाही, त्यामुळे त्याची बरीचशी ताकद ते दाणे टिपण्यातच खर्च होते. अशा वेळी तास ताणले, तर हॉलमधल्या मंद उजेडातले चेहरे चौकोन-चौकोन होऊन फुटतात. आपल्या बहुतेक टेप तीन तासांच्या आहेत, म्हणजे एसपीमध्ये त्या एका डिस्कवर मावणार नाहीत. काही यंत्रांत एफआर नावाची सोय असते. तिला किती वेळाचे रेकॉर्डिंग आहे हे सांगितले की ती उपलब्ध जागा त्या वेळेत बेताने वाटून देते. मुंज आणि लग्न यांसाठी ती सोय पुरेशी आहे आणि ती असलेले यंत्र मिळाले तर थोडे जास्त पैसे देण्याला माझी हरकत नाही. आजीच्या टेपसाठी मात्र दोन डिस्क वापराव्यात आणि दर्जा एसपीच ठेवावा. तिथे काटकसर नको.

रेकॉर्डिंग संपले म्हणजे डिस्क झाली असे समजू नका. ती फायनलाइज करावी लागते. ते केल्याशिवाय ती डिस्क त्याच रेकॉर्डरवर दिसते, पण माझ्या संगणकावर किंवा दादाच्या प्लेयरवर बहुधा लागत नाही. यंत्राच्या मेनूत हा पर्याय असतो आणि त्याला काही मिनिटे लागतात. त्या वेळात वीज गेली, तर डिस्क वाया जाऊ शकते. आपल्याकडचे भारनियमन पाहता ही भीती खरी आहे. वर्तमानपत्रात येणारे वेळापत्रक बघून, वीज जाऊन आल्यानंतरच्या तासांत टेप लावायला घ्या. वीज गेल्यावर घड्याळ पुसले जाणारे यंत्र बाबांच्या टायमरच्या कामाला निरुपयोगी ठरेल, म्हणून दुकानात प्लग काढून पाच मिनिटांनी पुन्हा लावायला सांगा आणि वेळ टिकते का ते पाहा. दुकानदाराला राग आला तरी चालेल.

केबलच्या वाहिन्या रेकॉर्डर स्वतःच्या ट्यूनरवर पकडील, त्यामुळे बाबा एक वाहिनी टिपत असताना आईला टीव्हीवर दुसरी पाहता येईल. पुढेमागे तुम्ही छत्री बसवून डिश घेतली, तर हे जमणार नाही. तेव्हा रेकॉर्डरला फक्त डिशच्या टीव्हीजवळ ठेवायच्या बॉक्सवर जे चालू असेल तेच टिपता येते, म्हणून बॉक्स त्या वाहिनीवर लावून ठेवावा लागेल.

यंत्र पसंत करण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. घरून एक बिनमहत्त्वाची टेप, आपला व्हीसीआर आणि दोन कोऱ्या डिस्क रिक्षाने दुकानात न्या. दहा मिनिटे रेकॉर्ड करून, फायनलाइज करून ती डिस्क त्यांच्याकडच्या दुसऱ्या कंपनीच्या प्लेयरवर लावायला सांगा. रिमोट आईच्या हातात द्या. चष्म्याशिवाय बटणे वाचता येत नसतील, तर ते यंत्र आपल्यासाठी नाही. सर्व्हिस सेंटर ठाण्यातच आहे का, हे पावती करण्याआधी विचारा.

आणि खरेदीची घाई नको. दसऱ्याच्या सुमारास दुकानांत सवलती लागतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत जुन्या टेप चालवणे तसेही बरे नाही. तोवर पेटी दिवाणाखालून काढून कपाटात वरच्या फळीवर, टेप उभ्या ठेवून लावा. एखाद्या टेपच्या रिळाच्या कडेला पांढरट पूड दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, बाजूला काढून ठेवा. ती बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, चढते आणि तिथून पुढच्या टेपला लागते. येत्या रविवारी मी वाशीहून गाडी धरून अकरापर्यंत ठाण्याला पोहोचते. आई, आजीची टेप त्या आधी तू उघडू नकोस. तिचे झाकण उचलून आत काय स्थिती आहे ते आपण दोघी मिळून उजेडात पाहू.

तुमची लेक