निरीक्षणगृहातले प्रशिक्षण जामिनापाशी का तुटते?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कोयते नाचवून दहशत माजवली, गाड्या फोडल्या, ताब्यात घेतलेल्यांत काही अल्पवयीन, अशा बातम्या पुण्यात वरचेवर छापून येतात. त्यावरच्या चर्चेत वयाची मर्यादा, शिक्षा, जामीन आणि पालकांची जबाबदारी हे विषय हमखास असतात. तो मुलगा निरीक्षणगृहातून, म्हणजे चौकशी चालू असताना अल्पवयीनांना ठेवतात तिथून, घरी आल्यावर दिवसभर काय करणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही व्यवसाय शिक्षण आणि परिविक्षेच्या (अशा मुलांवर देखरेख ठेवून त्यांना मदत करण्याच्या) कामातली माणसे आहोत आणि हे पत्र त्या एकाच प्रश्नाबद्दल आहे.

कायद्याची तक्रार नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ च्या कलम ५३ मध्ये शिक्षण, कौशल्य विकास, जीवनकौशल्ये, व्यसनमुक्तीसाठीची मदत, अगदी ओळखीचे कागद मिळवून देणे इथपर्यंत सगळे लिहिलेले आहे. कलम १८ खाली बाल न्याय मंडळ, म्हणजे अशा मुलांची प्रकरणे चालवणारे मंडळ, मुलाला व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात जाण्याचा आदेश देऊ शकते. आपल्याकडे अशा मुलांसाठी झालेला पहिला कायदा तर १८५० चा, शिकाऊ उमेदवारांचा. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या १० ते १८ वर्षांच्या मुलाला तुरुंगात न घालता कारागिराच्या हाताखाली द्यावे, हा त्याचा गाभा होता. काम शिकवावे ही कल्पना पावणेदोनशे वर्षे जुनी आहे. अंमलबजावणी अडते ती वेळेच्या हिशेबात.

निरीक्षणगृहात आलेला मुलगा किती दिवस राहील, हे कोणालाच सांगता येत नाही. कलम १२ मुळे जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे कोणी चार दिवसांत सुटतो, कोणी दोन महिन्यांनी. चौकशी चार महिन्यांत संपवावी आणि फार तर दोन महिने वाढवावी, असे कायदा सांगतो. गंभीर प्रकरणांत त्याहूनही लांबते. अशा ठिकाणी आपण तीन किंवा सहा महिन्यांचा, शेवटी एकच परीक्षा असलेला अभ्यासक्रम नेऊन ठेवतो. तिसऱ्या आठवड्यात जामीन झाला की मुलाच्या हातात कागद नसतो, कोणतेही एक काम पुरते येत नसते, आणि संस्थेच्या नोंदवहीत मात्र 'प्रशिक्षण दिले' अशी ओळ पडते. पुढच्या तुकडीत पुन्हा तेच.

आमचे म्हणणे असे की प्रशिक्षण मुलाच्या मुक्कामाच्या मापाने कापले पाहिजे. शिकलेल्या तासांची नोंद गुणांच्या रूपात ठेवणाऱ्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट मिळते. रोज तीन तास धरले तर हे दहा दिवसांचे काम. प्रत्येक ३० तासांच्या शेवटी मुलाला एक पूर्ण काम स्वतःच्या हाताने करता आले पाहिजे आणि तेवढ्याचा दाखला त्याच दिवशी मिळाला पाहिजे. पुढचा तुकडा आत शिकला काय किंवा बाहेर, बिघडत नाही.

घरगुती वायरिंगचे उदाहरण घेऊ. दहा मुलांना एक निदेशक, त्याहून जास्त मुले नकोत. प्रत्येकाला दोन फूट बाय तीन फुटांचा प्लायवूडचा फळा. दीड एमएमच्या वायरची ९० मीटरची एकेक गुंडाळी लाल, काळ्या आणि हिरव्या रंगात आणली की प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक रंगाची नऊ मीटर वायर येते, आणि टोके कापत कापत ती दोन-तीनदा वापरता येते. पहिल्या ३० तासांत एक दिवा, एक पंखा, एक प्लग एवढाच बोर्ड. फेज (करंट आणणारी तार) स्विचमधून न्यायची आणि न्यूट्रल (परतीची तार) थेट होल्डरला, हे मुलाच्या अंगवळणी पडले पाहिजे. उलटे जोडले तरी दिवा लागतो आणि बंदही होतो, म्हणून चूक लपून राहते. पण स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. दुसरी नेहमीची चूक वायर सोलताना होते. कटर जास्त दाबला की आतल्या तारांपैकी दोन-चार तुटतात, तिथे वायर तापते. तिसरी म्हणजे सैल स्क्रू. त्याने प्लग काळा पडतो आणि दोष कंपनीला दिला जातो.

बोर्ड पूर्ण झाल्यावर थेट वीज द्यायची नाही. आधी सिरीज बोर्डवर, १०० वॉटच्या साध्या बल्बमधून तपासायचे. जोडणीत शॉर्ट असेल तर तो बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो आणि काही जळत नाही. मुलाला आपली चूक डोळ्यांनी दिसते. वर्गाच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. १८ वर्षांखालच्या मुलाने चालू लाइनवर काम करायचे नाही; वीज देणे आणि काढणे निदेशकाच्या हातात.

दुसऱ्या ३० तासांत जिन्याची टू-वे जोडणी, दिव्यांसाठी ६ अँपिअरचा आणि पॉवर प्लगसाठी १६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), पॉवर प्लगला अडीच आणि एसी-गीझरला चार एमएमची वायर का, आणि अर्थिंग. तिसऱ्यात केसिंग-कॅपिंग (वायर झाकणाऱ्या पट्ट्या बसवणे), पंखा टांगणे, कपॅसिटर बदलणे आणि कामाचा अंदाज लिहिणे. हा अंदाज फार महत्त्वाचा. किती मीटर वायर, किती बोर्ड, मजुरी किती, हे कागदावर मांडता आले नाही तर मुलगा कायमचा हाताखालचा पोऱ्याच राहतो. यातल्या अनेकांची शाळा पाचवी-सातवीत सुटलेली असते. त्यांना गणिताचे पुस्तक पुढे करण्यापेक्षा मोजपट्टी आणि बिलबुक दिले तर दशांश लवकर समजतो.

दुचाकी दुरुस्ती मुलांना सर्वांत आवडते, आणि तिथेच जुनाट साहित्याने घात होतो. दान म्हणून मिळालेल्या कार्बोरेटरच्या गाड्यांवर शिकवले जाते. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक निकषांच्या, आहेत. बहुतेकांत फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि दोष वाचायला स्कॅनर लागतो. एक फ्युएल इंजेक्शनची गाडी आणि एक साधा स्कॅनर नसेल तर हा अभ्यासक्रम सुरूच करू नये, कारण गॅरेजवाला पहिल्याच दिवशी मुलाला परत पाठवतो. आणखी एक गोष्ट वर्गाबाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. पंक्चरचे सोल्युशन आणि रंगकामाचा थिनर ही हुंगण्याच्या नशेची साधने आहेत. सोल्युशनच्या ट्यूब मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या आणि कुलुपात ठेवायच्या. फर्निचर पॉलिशचा वर्ग असेल तर पाण्यात मिसळणारे रंग वापरावेत. नशेतून नुकताच बाहेर पडणारा मुलगा कापण्याच्या किंवा फिरत्या यंत्रावर पहिले काही आठवडे नको. त्याचा हात थरथरतो.

अवजारांच्या भीतीने संस्थाचालक कार्यशाळा बंद ठेवतात. ती भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय सोपा आहे. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवायची, अवजार तिथेच टांगायचे, घेताना मुलाने आपल्या क्रमांकाचा बिल्ला त्या खिळ्याला लावायचा. तास संपला की रिकामी आकृती लांबून दिसते. सगळी अवजारे जागेवर आल्याशिवाय दार उघडायचे नाही. हा नियम निदेशकाने एकदाही मोडता कामा नये.

आता कागदपत्रे. खरे तर पहिल्या आठवड्याचे काम हेच आहे, कारण बहुतेक प्रवेश इथेच अडतात. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, असल्यास जातीचा दाखला, आधार आणि बँकेचे खाते. पंधराव्या वर्षी आधारवर बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात आणि ते राहून गेलेले असतात. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक आईचा किंवा काकाचा, तोही बंद पडलेला, म्हणून ओटीपी येत नाही आणि कौशल्य अभ्यासक्रमाची नोंदणी होत नाही. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते उघडता येते. ते मुलगा संस्थेत असतानाच उघडावे. परिविक्षा अधिकारी सामाजिक तपासणीसाठी घरी जातोच. त्याच फेरीत शाळेत जाऊन दाखल्याची प्रत आणली तर महिनाभर वाचतो.

आयटीआयमध्ये वेल्डर आणि वायरमन यांना दहावी पास असण्याची अट नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर यांना दहावी लागते. आठवी नसलेल्या मुलासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची आठवीच्या पातळीची परीक्षा आहे, दहावीसाठी बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. मात्र आयटीआयचे प्रवेश वर्षातून एकदाच, पावसाळ्यात होतात. नोव्हेंबरात सुटलेल्या मुलाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच चौकात बसवणे. तेवढ्या महिन्यांसाठी त्याच आयटीआयच्या कार्यशाळेत संध्याकाळी वरच्यासारखे ३० तासांचे तुकडे चालवता येतात. यंत्रे तिथे आहेत, निदेशक आहेत. मानधनाची आणि मुलांच्या जाण्यायेण्याची सोय हवी.

प्रशिक्षणाच्या दाखल्यावर निरीक्षणगृहाचे किंवा विशेषगृहाचे (दोषी ठरलेल्या मुलांना ठेवतात त्या गृहाचे) नाव छापू नये. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी ती नोंद उघड करायची नाही, हेही त्याच कलमात आहे. कलम २४ नुसार दोषी ठरल्यामुळे येणारी कोणतीही अपात्रता त्याला लागू होत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षांवरील ज्या मुलांवर बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवला त्यांचा. हे कामावर ठेवणाऱ्याला माहीत नसते आणि मुलालाही नसते. चारित्र्य पडताळणीचा अर्ज समोर आला की तो नोकरी सोडून निघून जातो. सुटताना त्याच्या हातात या दोन कलमांचा मराठीत लिहिलेला एक कागद द्यावा.

बाहेर आल्यावर प्रशिक्षण तुटते त्याची कारणेही ठरलेली आहेत. मंडळासमोरची तारीख आणि वर्ग एकाच दिवशी येतात, हजेरी कमी पडते, नाव कमी होते. कलम ९१ प्रमाणे मुलाची हजेरी आवश्यक नसेल तेव्हा मंडळाने ती माफ करायची आहे; परिविक्षा अधिकाऱ्याने प्रशिक्षणाचे वेळापत्रक जोडून तशी विनंती करावी. केंद्र विरोधी टोळीच्या भागात असेल तर मुलगा दुसऱ्या दिवसापासून जात नाही आणि कारणही सांगत नाही. केंद्र ठरवण्याआधी त्याला एकट्याला बसवून विचारावे. आणि पैसा. जो मुलगा मंडईत हमाली करून घरी पैसे देत होता, त्याला विनामोबदला तीन महिने शिक म्हणून सांगून चालत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलाला धोकादायक नसलेले काम करता येते, मात्र संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही, जादा तास नाहीत आणि मधली सुट्टी धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही. तेव्हा अर्धा दिवस काम, अर्धा दिवस वर्ग अशी आखणी कायद्यात बसते. गॅरेजमालकाशी हे आधी लेखी ठरवावे.

चौकशी चालू असलेल्या मुलावर प्रशिक्षणाची सक्ती नको, हेही स्पष्ट लिहितो. त्याचा दोष ठरलेला नाही. जामिनावर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडताना प्रशिक्षण त्याच्यापुढे ठेवावे, लादू नये.

मुलींची संख्या थोडी असते, म्हणून तुकडी होत नाही आणि त्यांना शिलाई किंवा मेंदीवर बसवले जाते. नियमांत संस्थेबाहेर प्रशिक्षणाची मुभा आहे. दोन मुली असल्या तरी त्यांना सोबत देऊन जवळच्या आयटीआयमध्ये पाठवता येते, आणि तिथे त्यांनी काय शिकायचे ते त्यांनी निवडावे.

एक पोकळी शासनाने भरायला हवी. कलम ४६ ची अनुरक्षणाची (संस्था सोडल्यानंतरची) मदत १८ वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये धरलेले आहेत. साडेसतराव्या वर्षी जामिनावर घरी गेलेला मुलगा यात बसत नाही. प्रशिक्षण चालू असेपर्यंत त्याला बसभाडे, एक वेळचे जेवण आणि शेवटी अवजारांची पिशवी मिळावी. वायरमनच्या पिशवीत टेस्टर, पक्कड, कटर, दोन स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि रबरी हातमोजे पुरतात. ही पिशवी नसलेल्या मुलाला ठेकेदार मजूर म्हणून घेतो, असलेल्याला कामगार म्हणून.

हे सगळे नव्या कायद्याशिवाय, जिल्हा पातळीवर होऊ शकते. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, शासकीय आयटीआयचे प्राचार्य आणि बाल न्याय मंडळ यांनी आयटीआयचे पुढचे प्रवेश सुरू होण्याआधी एकत्र बसावे. निरीक्षणगृहातील प्रत्येक मुलाची कागदपत्रे, शाळेची इयत्ता आणि त्याने स्वतः सांगितलेले काम यांची यादी समोर ठेवावी, आणि जामिनानंतर तो कोणत्या कार्यशाळेत, किती वाजता, कोणाच्या जबाबदारीवर जाणार, हे वैयक्तिक काळजी आराखड्यात नावानिशी लिहावे.

आपले,
व्यवसाय शिक्षण आणि परिविक्षा क्षेत्रातील काही कार्यकर्ते, पुणे