धाक आणि शाईची बाटली

महोदय,

'मुलांना धाक उरला नाही, पूर्वी एक रट्टा पुरे व्हायचा' अशा आशयाची पत्रं गेले काही दिवस आपल्या अंकात वाचते आहे. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि धाकाच्या बाबतीत माझं नाव होतं, म्हणून लिहिते.

माझ्या वर्गात कमालीची शांतता असे. मी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाले की दहाव्या पावलाला गोंगाट सुरू होई. ती शांतता माझ्यासाठी होती, त्यांची नव्हती, हे कळायला फार वर्षं गेली. मधल्या सुट्टीत मुली 'शाळा-शाळा' खेळत. बाई झालेली मुलगी हुबेहूब मी! डस्टर दोनदा टेबलावर आपटायचं, मग चष्म्यावरून बघायचं. मला हसू यायचं. पण खेळातली एकही बाई कुणाला गणित समजावून सांगत नसे, हे तेव्हा खटकलं नाही.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बालवाडीच्या वयाच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यातल्या काहींच्या देखत मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुल्याला बडवलं. नंतर खोलीत सोडल्यावर त्यांतल्या अनेकांनी तसंच बडवलं, वर तेच शब्दही उच्चारले. 'असं कर' असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बघितलं, तेवढं पुरलं.

आता घरचं. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याच्या हातून माझ्या हजेरीपटावर शाई सांडली. त्याने तो ओला पट गादीखाली लपवला आणि 'मला माहीत नाही' म्हणाला. सापडल्यावर मी त्याला मारलं, शाईसाठी नाही, खोटं बोलला म्हणून. तो खोटं का बोलला, याचा विचार केला नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीने त्याच्या लॅपटॉपवर पाणी सांडलं. ती धावत त्याच्याकडेच गेली. "बाबा, माझ्याकडून सांडलं." तो दोन मिनिटं गॅलरीत जाऊन उभा राहिला (चेहरा लाल झालेला मी पाहिला), परत आला आणि म्हणाला, "आधी बंद करू, मग पुसू." दोघांनी मिळून पुसलं. लाड म्हणाल, तर तसंही नाही. त्या दिवसापासून बाटली टेबलावर ठेवायची नाही, असं ठरलं. ती अर्धा तास रडली, नियम काही बदलला नाही. रात्री मात्र दप्तरावरून तो तिच्यावर उगाच ओरडला आणि झोपायच्या आधी तिला म्हणाला, "मघाशी माझं चुकलं." बापाने लेकीची माफी मागायची? मला ते रुचलं नाही, खरं सांगते. चार दिवसांनी नात माझ्याशी उद्धटपणे बोलली. कुणी न सांगता थोड्या वेळाने येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, मघाशी माझं चुकलं." शब्दसुद्धा तेच.

त्या रात्री मी मुलाकडे हजेरीपटाचा विषय काढला. "तेव्हा चुकलंच माझं," म्हटलं. "काय आई, किती जुनं उकरून काढतेस," म्हणून त्याने हसण्यावारी नेलं. जाता जाता मात्र म्हणाला, "बाटली खिडकीत होती. टोपण तूच उघडं ठेवलं होतंस."

आपली,
एक निवृत्त शिक्षिका