खडीच्या रस्त्याचे निकृष्ट काम आणि फुकटचा डंपर

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फाटकापासून घरापर्यंतच्या खडीच्या रस्त्याचे काम कोटेशनप्रमाणे न झाल्याबाबत, तसेच जादा खडी टाकून देण्याचा तुमचा प्रस्ताव अमान्य असल्याबाबत.

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला तुमच्या कार्यालयाने पाठवलेले उत्तर मिळाले. ‘खडीच्या रस्त्यात थोडीफार हालचाल होणारच, तरी सदिच्छा म्हणून एक डंपर खडी विनामूल्य टाकून देऊ’ असे त्यात म्हटले आहे. हा डंपर मला नको. का नको ते जरा सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या उत्तरात पुन्हा तेच वाक्य यायला नको.

खडीचा रस्ता हलतो हे मला ठाऊक आहे. डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता मी मागितलाच नव्हता. खडीतून पाणी मुरते, तडे जात नाहीत, बिघडलेला भाग तेवढाच उकरून नीट करता येतो, म्हणून मुद्दाम खडीचा करून घेतला. अधूनमधून दंताळे फिरवावे लागेल, काही वर्षांनी वरून थोडी खडी भरावी लागेल, कडेचे गवत काढत राहावे लागेल, या सगळ्याची तयारी होती. त्याबद्दल मी पत्र लिहीत बसले नसते. पण पहिल्याच मोठ्या पावसात रस्त्यावर लांबच लांब दोन चाकोऱ्या पडल्या, त्यांत पाणी तुंबले आणि ते वाहत घराच्या जोत्यापर्यंत आले. सामान घेऊन आलेला टेम्पो फाटकातून थोडा आत येताच मागच्या चाकांवर रुतला. ड्रायव्हरने गाडी रेस केली तशी वरचे गोटे उडाले आणि खालून काळा चिखल वर आला. याला ‘थोडीफार हालचाल’ म्हणत नाहीत.

तो चिखल पाहूनच मला शंका आली. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिले आहे की वरची माती आणि गवत ८ ते ९ इंच खोल, घट्ट जमीन लागेपर्यंत काढायचे, त्यावर पूर्ण लांबीत जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचे, मग ४० एमएम खडी कचासह (दगडाच्या बारीक चुऱ्यासह) ६ इंच आणि त्यावर २० एमएम खडी २ इंच, दोन्ही मापे दबाई झाल्यानंतरची. हे सगळे खरोखर केले असेल तर चाकाखाली चिखल येईलच कसा? म्हणून पहार आणि फावडे घेऊन चाकोरीला लागून एक खड्डा घेतला. त्याचे टेप लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत, ते कृपया मोठे करून पाहावेत. वर ४ इंच गुळगुळीत गोटे आहेत, हाताने उपसता येतील इतके सुटे. त्याखाली जेमतेम अडीच इंच खडी, तीही चिखलात कालवलेली. आणि तिच्या खाली गवत आहे. मुळांसकट, पिवळे पडलेले, चपटे झालेले, पण जागच्या जागी असलेले गवत! म्हणजे माती काढलीच नाही. आहे त्या गवतावर खडी ओतली आणि पसरली. गवत कुजले की तिथली जमीन आणखी बसणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

कापडाचे काय झाले तेही शोधले. ते आहे, पण फक्त फाटकाजवळच्या काही फुटांत. तुमच्या सुपरवायझरने मला ‘काम प्रगतिपथावर’ म्हणून जो फोटो पाठवला होता तो नेमका तिथलाच आहे. पुढे रस्त्याच्या मध्यावर आणि घराजवळ उकरून पाहिले, तिथे कापडाचा धागाही नाही. हे कापड शोभेसाठी नसते. आमच्याकडची माती काळी, चिकण, ओली झाली की फुगणारी आणि मऊ पडणारी. अशा मातीवर खडी थेट टाकली की चाकाच्या दाबाने खडी खाली रुतते आणि खडीमधल्या पोकळ्यांतून चिखल वर चढतो. कापड पाणी जाऊ देते, पण माती आणि खडी एकमेकांत मिसळू देत नाही, म्हणून तर ते घालायचे. जिथे घातले आहे तिथेही दोन पट्ट्या नुसत्या कडेला कडा लावून ठेवल्या आहेत. त्यांचा एकमेकींवर निदान फूटभर चढ हवा होता. जोड उघडा पडला आहे आणि बरोबर त्या फटीतून चिखल वर आला आहे. चौथा फोटो त्याचाच आहे.

आता मालाचा हिशेब. यात मतभेदाला जागा नाही, कारण माल पोचवल्याची चलने तुमचीच आहेत. रस्ता १२० फूट लांब आणि १० फूट रुंद, म्हणजे १२०० चौरस फूट. ६ इंचांचा दबलेला थर म्हणजे ६०० घनफूट, म्हणजेच ६ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). दबाईत खडी साधारण पाचवा हिस्सा बसते, तेव्हा सुटी खडी साडेसात ब्रासच्या आसपास यायला हवी होती. तुमच्या चलनांवर ४० एमएम खडी किती आहे? ३ ब्रास. एवढी खडी १२०० चौरस फुटांवर पसरली तर सुटीच ३ इंच भरते, दाबली तर त्याहून कमी. खड्ड्यात अडीच इंच निघाली ती उगाच नाही. निम्म्याहून कमी माल टाकून पूर्ण थराचे बिल लावले आहे. बेरीज-गुणाकार तुमच्या हिशेब विभागातही कोणीतरी करतच असेल.

वरच्या थरात उलटा प्रकार झाला. तिथे अडीच ब्रास २० एमएम फोडलेली खडी पुरली असती. तुम्ही ४ ब्रास नदीचे गोटे आणून टाकले. यासाठी माझा होकार कोणीही घेतला नव्हता. काम चालू असताना विचारले तेव्हा सुपरवायझर म्हणाले, “मॅडम, हे दिसायला छान दिसतं, आमच्या माहितीपत्रकात हेच आहे.” छान दिसते, वादच नाही. पण फोडलेल्या खडीला कोन असतात, धारा असतात, त्यामुळे दाबली की ती एकमेकांत अडकून पकड घेते. गोट्यांना अडकायला काही नसतेच. किती रोलर फिरवा, चाक आले की ते बाजूला सरकणार. आणि ४ इंच सुट्या गोट्यांचा थर म्हणजे गाडीचे चाक आत रुतणारच. माझी आई वॉकर घेऊन चालते. फाटकापर्यंतचे तिचे रोजचे फिरणे या रस्त्यामुळे बंद झाले आहे, कारण वॉकरचा पाय गोट्यांवर ठरत नाही. तिच्या नातवाची सायकलही वळणावर घसरते, पण तो पडतो आणि हसतो. आईचे तसे नाही.

दबाईबद्दल तुमच्या उत्तरात चकार शब्द नाही. कोटेशनमध्ये ‘प्रत्येक थरावर पाणी मारून व्हायब्रेटर रोलरने दबाई’ असे आहे. रोलर आमच्या फाटकातून आत आलेलाच नाही. जेसीबीने खडी पसरली आणि त्याच्याच चाकांनी दोन-चार वेळा मागेपुढे केले, झाली दबाई. यावर सुपरवायझरांचे म्हणणे असे की गाड्या चालून चालून रस्ता आपोआप बसतो. हे वाक्य मी इतरांच्याही तोंडून ऐकले आहे, म्हणून त्याचे उत्तर इथेच देते. गाडीची चाके रस्ता दोनच रेषांत दाबतात. मधला भाग आणि कडा सैल राहतात, चाकांखालचा भाग खचतो आणि चाकोरी तयार होते. चाकोरीत पाणी साठते, पाण्याने खालची माती आणखी मऊ होते, ती आणखी खचते. म्हणूनच आधी थराथराने, सगळीकडे सारखे दाबायचे असते. तेही ६ इंच एकदम टाकून नव्हे, तर ३-३ इंचांचे दोन थर करून, कारण जाड थराच्या तळापर्यंत रोलरचा दाब नीट पोचत नाही.

आता उतार. १० फूट रुंदीच्या खडीच्या रस्त्याला मध्यावर चढ आणि दोन्ही कडांना ४ टक्क्यांच्या आसपास ढाळ हवा, म्हणजे मधला भाग कडांपेक्षा जवळपास अडीच इंच उंच. मी दोन्ही कडांना खुंट्या ठोकून, लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) समपातळी घेऊन दोरी ताणली. मधोमध रस्ता कडांपेक्षा इंचभर खाली निघाला. रस्ता म्हणून तुम्ही मला पन्हळ बांधून दिली आहे, आणि तिचा शेवट माझ्या जोत्यापाशी होतो. कडेचे चर खणलेलेच नाहीत, कडेला दगडही लावलेले नाहीत, त्यामुळे गोटे बागेत पसरत चालले आहेत. फाटकाखालून जाणाऱ्या चरात १२ इंची सिमेंट पाइप ठरला होता. तिथे ६ इंची पीव्हीसी पाइप आहे, वर दोन इंचही भराव नाही आणि तो टेम्पोखाली फुटला आहे.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. प्रत्यक्ष काम करणाऱ्या मजुरांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी भर उन्हात मेहनत केली. त्यांच्यातल्याच एकाने मला सांगितले की ‘माती काढायची नाही, आहे त्यावर टाका’ असा निरोप वरून आला होता. तेव्हा या पत्रामुळे त्यांची मजुरी कापली गेली असे माझ्या कानावर येऊ नये. निरोप कोणी दिला ते तुम्ही शोधावे.

हे सगळे पाहता वरून आणखी एक डंपर टाकून काय साधणार? ओल धरलेल्या भिंतीवर रंगाचा आणखी एक हात मारण्यासारखेच ते. नवी खडीही त्याच चिखलात उतरेल. शिवाय रस्त्याची उंची वाढली की पाणी जोत्याकडे आणखी जोराने येईल आणि फाटकाची फळी खाली घासेल ती वेगळीच. एकदा तो डंपर मी घेतला की ‘ग्राहकाने दुरुस्ती स्वीकारली’ अशी नोंद तुमच्याकडे होणार, हेही मला कळते.

मला हवे आहे ते कोटेशनमधलेच काम, एक इंच जास्त नाही. वरचे गोटे बाजूला काढावेत. ते परत न्यायचे नसतील तर कडेच्या चरांत भरावेत, पाणी वाहून नेणाऱ्या चरासाठी गोटे उत्तम असतात आणि तेवढा तरी त्यांचा उपयोग होईल. चिखलाने माखलेली खडी, गवत आणि माती घट्ट जमिनीपर्यंत काढावी. त्यानंतर कापड, दोन्ही थर, दबाई, ढाळ, चर, कडेचे दगड आणि १२ इंची पाइप, सगळे ठरल्याप्रमाणे. प्रत्येक थर झाकण्यापूर्वी माझ्यासमोर मोजावा आणि मोजमापावर दोघांच्या सह्या व्हाव्यात. नुसते फोटो आता चालणार नाहीत.

काम मात्र लगेच सुरू करू नका. जमीन अजून ओली आहे. ओल्या चिकण मातीवर रोलर फिरवला तर ती दबत नाही, हेलकावे खाते आणि बाजूला फुगते. जमीन वाळली की सुरू करा आणि पुढच्या पावसाळ्याआधी पूर्ण करा. तोवर घराकडे येणारे पाणी वळवण्यासाठी एक तात्पुरता चर मात्र याच आठवड्यात खणून द्यावा. त्याला ना रोलर लागतो, ना खडी.

बिलाचा शेवटचा हप्ता मी थांबवला आहे आणि काम वरीलप्रमाणे पूर्ण होईपर्यंत तो मिळणार नाही. तुमच्या हिशेब विभागाकडून त्याबद्दल येणारे स्मरणसंदेश बंद करावेत, त्यांना उत्तर म्हणून हेच पत्र धरावे. या पत्राला १५ दिवसांत लेखी उत्तर आणि कामाचे वेळापत्रक मिळाले नाही, तर मी त्रयस्थ इंजिनियरकडून मोजमाप करून घेईन, दुसऱ्या ठेकेदाराकडून काम पूर्ण करून त्याचा खर्च तुमच्याकडून मागेन आणि ग्राहक म्हणून असलेले कायदेशीर मार्गही वापरेन. फोनवरचे आश्वासन उत्तर म्हणून धरले जाणार नाही.

पाहणीसाठी यायचे असल्यास आदल्या दिवशी कळवून यावे. चाकोरीजवळचा खड्डा बुजवलेला नाही, त्यावर पत्रा टाकून ठेवला आहे. त्या सुपरवायझरांसोबत निर्णय घेण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती तरी असावी. कोटेशन, सर्व चलने, बिल आणि फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली,
एक ग्राहक