तेल अंघोळीनंतर, ओल्या अंगाला

संपादक महोदय,

दिवाळीचे अभ्यंगस्नान आटोपले की तेलाची बाटली पुन्हा केसांपुरती उरते. पुढे थंडी वाढते, अंग उलू लागते, नडगीवर नखाने ओढले तर पांढरी रेघ उमटते, आणि मग लोशन-क्रीमवर दर महिन्याला खर्च सुरू होतो. हा खर्च बहुतेक घरांना टाळता येण्याजोगा आहे. स्वयंपाकघरातले साधे तेल पुरते. आपल्याकडे तेल लावण्याची सवयही जुनी आहे. चुकते ती लावण्याची वेळ, आणि काही वेळा तेलाची निवड. या दोन्हींबद्दल नेमके लिहिणे आम्हाला गरजेचे वाटले.

त्वचेच्या अगदी वरच्या थरात चपट्या, मृत पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचे लिंपण असते. हे लिंपण आतले पाणी उडू देत नाही. कडकडीत पाणी, साबण आणि कोरडी हवा यांनी ते झिजते आणि त्वचा खरखरीत होते. तेलात पाणी नसते, त्यामुळे तेल त्वचेला ओलावा देत नाही. असलेला ओलावा अडवून धरते. हे एकदा लक्षात आले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. पूर्ण कोरड्या अंगावर तेल चोळले तर वरून चकाकी येते आणि आत कोरडेपणा तसाच राहतो. मग लोक म्हणतात, तेलाने काही होत नाही, नुसते चिकट होते.

अंघोळीआधी तेल लावले की साबण थोडा कमी बोचतो, मालिशचे सुख मिळते, तेव्हा ते सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण त्यातले बरेचसे तेल उटणे, डाळीचे पीठ आणि साबण यांच्याबरोबर मोरीत जाते. दिवसभर कामाला येते ते अंगावर राहिलेले तेल. म्हणून तेल लावावे ते अंघोळीनंतर.

रीत अशी. पाणी कोमट असावे, कढत नको. अंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरकावी. साबण काखा, जांघा आणि पावले एवढ्यालाच पुरे. हात, पाय, पाठ यांना रोज साबण लावायची गरज नसते. नेहमीच्या साबणाचा सामू (आम्लता-अल्कता मोजण्याचे माप, पीएच) ९ ते १०च्या घरात असतो आणि त्वचेचा ५च्या आसपास, त्यामुळे साबण जितका फिरेल तितके लिंपण सुटते. बोअरचे जड पाणी असेल तर साबणाचा फेस होत नाही आणि त्याचा पांढरा साका अंगावर बसतो. अशा गावांत तर साबण आणखी कमी वापरावा.

अंघोळ झाली की पंच्याने खसाखसा पुसू नये, नुसते टिपावे. अंग दमट राहिले पाहिजे, पण पाणी ओघळता कामा नये. मग दोन-तीन मिनिटांच्या आत तेल. तळहातावर चार-पाच थेंब घ्या, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून तेल पातळ पसरू द्या आणि लवीच्या दिशेने, वरून खाली, हात फिरवा. एका हाताला मनगटापासून खांद्यापर्यंत एवढे पुरते. नडग्या, कोपरे, गुडघे आणि हाताची मागची बाजू यांना थोडे जास्त घ्यावे. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला मिळून एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, तेल लागते. फारच कोरडे असेल तर दोन चमचे. महिन्याचा हिशेब एका माणसामागे १५० मिलीचा होतो. चौघांच्या घराला अर्धा-पाऊण लिटर पुरे. दुकानातल्या लोशनचा मोठा भाग पाणीच असतो, हे लक्षात घेऊन दोन्हींच्या किमती शेजारी मांडून पाहाव्यात.

प्रमाण बरोबर आहे का, हे कळायला सोपी खूण आहे. तेल लावून दहा मिनिटे झाली की पांढऱ्या सुती कापडाची घडी हातावर हलके दाबा. पुसट डाग उमटला तर ठीक. कापड पारदर्शक होईल इतके तेल आले तर उद्या निम्मे घ्या. जास्त तेलाने फायदा वाढत नाही. धूळ चिकटते, शर्टाची कॉलर काळी पडते आणि केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या येतात. सलग आठवडाभर हे केल्यावर नडगीवर पुन्हा नख ओढून पाहा. रेघ पुसट झाली असेल.

आता तेल कोणते? सगळी तेले सारखी नसतात, आणि फरक त्यांतल्या स्निग्धाम्लांचा (तेल ज्यांचे बनते त्या आम्लांचा, इंग्रजीत फॅटी अ‍ॅसिड) असतो.

करडई आणि सूर्यफूल यांत लिनोलिक आम्ल भरपूर असते: पारंपरिक वाणांच्या करडईत साधारण ७० ते ७५ टक्के, सूर्यफुलात ६०च्या आसपास. हेच आम्ल त्वचेच्या लिंपणाला लागते. ऑलिव्ह तेलात उलट ओलेइक आम्ल जास्त, आणि ते लिंपण सैल करते. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रौढांच्या एका हाताला ऑलिव्ह आणि दुसऱ्याला सूर्यफूल, दिवसातून दोनदा प्रत्येकी सहा थेंब, असे चार आठवडे लावून पाहिले. ऑलिव्हच्या बाजूची त्वचा कमकुवत झाली, किंचित लालसरही झाली. सूर्यफुलाच्या बाजूची शाबूत राहिली. परदेशी म्हणून चौपट भावाने आणून बाळाच्या अंगाला चोळले जाणारे हे तेल त्या कामाला योग्य नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे.

करडईबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ते आपल्या मातीतले तेल आहे. सोलापूर, लातूर, परभणीकडे रब्बीत करडई होते आणि लाकडी घाण्यावर तिचे तेल अजून मिळते. त्वचेवर ते हलके बसते, लवकर जिरते, थंडीत थिजत नाही. दोष एकच, लवकर खवट होते. ज्या लिनोलिकमुळे ते गुणकारी त्याच्याशीच हवेतला ऑक्सिजन झटपट जुळतो. खवट तेल अंगाला लावले तर खाज आणि लाली येऊ शकते. म्हणून एका वेळी पाव लिटरपेक्षा जास्त घेऊ नये, गडद काचेच्या बाटलीत, गॅसच्या ओट्यापासून दूर ठेवावे, झाकण घट्ट लावावे आणि दोन महिन्यांत संपवावे. जुन्या रंगाचा किंवा ओल्या पेनसिलीच्या लाकडाचा वास आला की ते तेल संपले असे समजा. घाण्यावरून घेताना वाण विचारा. ओलेइक जास्त असलेली नवी वाणेही आता लावली जातात, ती खायला उत्तम, पण अंगाला लावायला आम्ही पारंपरिकच निवडू.

खोबरेलाचे गणित वेगळे. त्यात लिनोलिक जवळपास नाही; निम्मे लॉरिक आम्ल असते. तरीही त्वचेवर त्याचा अनुभव चांगला आहे. फिलिपीन्समध्ये २००४ साली कोरड्या पायांवर दिवसातून दोनदा, दोन आठवडे लावून पाहिले तेव्हा शुद्ध खोबरेल आणि खनिज तेल (पेट्रोलियमपासून शुद्ध केलेले पातळ पॅराफिन) सारखेच उपयोगी ठरले. खोबरेल टिकाऊ असते, कोकणात-गोव्यात ताजे मिळते. साधारण २४-२५ अंशांखाली ते थिजते. त्यात बिघाड काही नाही. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटे ठेवली की पातळ होते. गॅसवर धरू नये. रुंद तोंडाची बरणी असेल तर ओली बोटे न घालता कोरड्या चमच्याने काढावे.

तीळ मधल्या गुणाचे, चालते. बदाम तेल महाग आहे आणि त्यात ओलेइकच जास्त. त्यासाठी पैसे मोजण्यासारखे काही नाही. एरंडेल फार चिकट, अंगभर लावायचे नाही. शेंगदाणा तेल इसब असलेल्या लहान मुलांना लावू नका. फाटलेल्या त्वचेतून शेंगदाण्याचा अंश आत गेला तर त्याची अ‍ॅलर्जी जडण्याचा धोका असतो. मोहरीचे तेल तर कोणाच्याच कोरड्या त्वचेला नको. त्याचा झणका ज्या घटकामुळे असतो तोच त्वचेला भाजतो, आणि जी ऊब वाटते ती दाहाची असते.

विकत घेताना बाटलीची मागची बाजू वाचा. ‘हेअर ऑइल’ लिहिलेल्या कित्येक बाटल्यांत लाइट लिक्विड पॅराफिन आणि सुगंधी द्रव्य असते. पॅराफिन वाईट नाही, पेट्रोलियम जेली तर पाणी अडवण्यात सगळ्या तेलांच्या पुढे आहे आणि स्वस्तही. त्रास होतो तो सुगंधाचा. साधे तेल हवे असेल तर घटकांत एकच नाव असलेली, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक छापलेली खाद्यतेलाची बाटली घ्या. एकदा तळणीला वापरलेले तेल अंगाला लावू नये.

त्या तेलात काही मिसळूही नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेले की त्वचेवर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. कापराने लहान मुलांना विषबाधा होऊ शकते. पाणी किंवा गुलाबजल तेलात हलवून बाटली भरून ठेवली तर चार दिवसांत त्यात जंतू वाढतात. ओलावा ओढून घेणारे काही हवेच असेल तर ग्लिसरीन आहे: एक भाग ग्लिसरीन, तीन भाग पाणी, त्या वेळेपुरते वाटीत कालवून आधी लावायचे आणि वरून तेलाचा हात. ग्लिसरीन तेलात विरघळत नाही, म्हणून दोन्ही एका बाटलीत घालून उपयोग नाही.

टाचांच्या भेगांना मात्र नुसते पातळ तेल पुरत नाही. तिथली कातडी जाड असते. त्यासाठी कोकणात कोकमाच्या बियांचे तेल आहे, गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. बिया फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की स्निग्धांश वर तरंगतो. तो काढून मुठीत वळून गोळे करतात. गोळा मेणासारखा कडक, पिवळट पांढरा, सुरीने खरवडला तर भुगा पडतो. उकाड्यातही तो वितळत नाही, अंगाच्या उबेच्या थोडे वर जावे लागते. पावले १० ते १५ मिनिटे कोमट पाण्यात बुडवावीत, वज्रीने हलके घासावे (रक्त येईपर्यंत नाही), टिपावे, पळीत वितळवलेले कोकमतेल सोसवेल इतके निवल्यावर भेगांत भरावे आणि सुती मोजे घालून झोपावे. दहा-बारा रात्रींत फरक दिसतो. मधुमेह असलेल्यांनी वज्री वापरू नये, पाय गरम पाण्यात बुडवू नयेत, वितळलेले तेल ओतू नये आणि बोटांच्या बेचक्यात तेल घालू नये. त्यांना भाजल्याचे कळत नाही आणि बेचक्यात बुरशी धरते. त्यांच्या टाचेला भेग खोल गेली असेल तर डॉक्टरांकडेच जावे.

तेल कुठे लावू नये हेही तितकेच महत्त्वाचे. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल नको, छिद्रे बुजतात. डोक्यात चिकट, पिवळा कोंडा असेल तर तेल टाळूवर मुरवत ठेवू नये. त्या कोंड्यामागची बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवर वाढते. घामोळ्यांवर तेल लावले की घामाच्या वाटा आणखी बंद होतात. जांघेतला नायटा तेलाने बरा होत नाही, आणि दुकानातून विचारून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने तर चिघळतो. ओल्या, पू येणाऱ्या जखमेवर तेल नाही. उन्हापासून तेल वाचवत नाही. कोणतेही नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी रोज दोनदा, तीन-चार दिवस लावून पाहावे.

घरात म्हातारी माणसे असतील तर तळपायांना तेल सर्वांत शेवटी, खोलीत बसून लावावे आणि लगेच मोजे घालावेत. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर तेलकट पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. तेलाचा पंचा आठवड्यातून दोनदा गरम पाण्यात धुवावा आणि शेगडीजवळ वाळत घालू नये.

बाळांविषयी दोन गोष्टी. ढाक्याच्या एका बाल रुग्णालयात फार लवकर जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावले, तेव्हा त्यांच्यातले रुग्णालयातले जंतुसंसर्ग सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाले. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ती पूर्ण देखरेखीखालची गोष्ट होती, घरी अशा बाळाला काय लावायचे ते डॉक्टरच ठरवतील. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये सुमारे १४०० निरोगी बाळांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावूनही इसब टळला नाही, हे २०२० मध्ये दिसले. तेव्हा कोरडेपणा घालवायला तेल वापरा, इसबाचा प्रतिबंध म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. बाळाच्या नाकात-कानात तेल सोडू नका. नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. आणि डाळीच्या पिठाच्या गोळीने बाळाची लव काढणे थांबवा. त्या नाजूक कातडीवर ते पीठ कानशीसारखे घासते.

आपल्याला एक विनंती. थंडीत पुरवण्यांमधून घरगुती उपाय छापले जातात, ते वाचून घरोघरी केले जातात. असा प्रत्येक उपाय छापताना तेलाचे नेमके नाव, किती थेंब किंवा किती मिली, अंघोळीच्या आधी की नंतर, आणि कोणी लावू नये, एवढे चौकटीत द्यावे. लिंबू, कापूर आणि मोहरीचे तेल असलेले उपाय तर छापूच नयेत.

आपले,
औषधनिर्माणशास्त्र शिकवणारे दोन वाचक, कोल्हापूर