जुन्या झेटरला न पेलणारा पलटी नांगर

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
नांगर विभाग

विषय : ट्रॅक्टरची क्षमता न पाहता विकलेला दोन फाळी पलटी नांगर बदलून मिळण्याबाबत

महोदय,

माझ्याकडे वडिलांच्या काळातला एचएमटी झेटर 2511 ट्रॅक्टर आहे. दोन सिलिंडर, 25 एचपी. जमीन परभणी जिल्ह्यातली भारी काळी. या दोन्ही गोष्टी तुमच्या विक्रेत्याला नांगर घेण्याआधीच सांगितल्या होत्या. त्याने माहितीपत्रक पुढे केलं : "25 ते 50 एचपी, सर्व ट्रॅक्टरना उपयुक्त." त्याच भरवशावर 14 इंची दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर, म्हणजे तेलाच्या दाबाने उलटा फिरवता येणारा, माझ्या दारात उतरला.

अडचण जोडतानाच सुरू झाली. नांगर ट्रॅक्टरला जोडायच्या खालच्या पिना 28 मिलिमीटरच्या, म्हणजे कॅटेगरी 2 या मोठ्या मापाच्या. त्या ज्यात बसतात ते माझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या लिंकचे (जोडदांड्यांचे) बॉल 22 मिलिमीटरचे, कॅटेगरी 1 या लहान मापाचे. तुमच्या मिस्त्रीने पिना लेथवर उतरवून, म्हणजे बारीक करून आणल्या आणि काम झालं म्हणून सांगितलं. पिनेचा जाडपणा मुद्दाम ठरवलेला असतो. ट्रॅक्टरची ताकद आणि अवजाराचा भार पाहून ही मापं वेगळी ठेवलेली आहेत. पुढची गंमत म्हणजे नांगर पलटायला तेलाचा बाहेरचा जोड लागतो आणि माझ्या ट्रॅक्टरला तो नाहीच. नांगरटीच्या प्रत्येक तासाच्या (ओळीच्या) टोकाला दोन माणसांनी पहारीने नांगर पलटायचा, हा तुमच्या प्रतिनिधीचा सल्ला मी लेखी मागितला, पण त्याने दिला नाही.

वजनकाट्यावर नांगर 410 किलो भरला. लिफ्ट उचलली की पुढची चाकं जमीन सोडतात आणि स्टिअरिंग हाताला हलकं लागतं. बांधावरून वळताना हे किती धोक्याचं आहे, ते ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. नांगर जमिनीत घातला की मागची चाकं जागीच फिरतात. "इंजिन जुनं आहे, बोअर करून घ्या," असं तुमच्या सेवा केंद्राने कळवलं. इंजिन कमजोर असतं तर ते दबलं असतं, काळा धूर ओकून बंद पडलं असतं. इथे इंजिन चालू राहतं आणि चाक घसरतं. दोष नांगराच्या ओढीत आहे, म्हणजे तो ओढायला लागणाऱ्या जोरात.

हिशेब साधा आहे. 14 इंच म्हणजे सुमारे 35 सेंटिमीटर. खोली 20 सेंटिमीटर धरली तर एका फाळापुढे 700 चौरस सेंटिमीटर माती येते. भारी काळ्या जमिनीत चौरस सेंटिमीटरला 0.7 किलो ओढ धरली, तर एका फाळाला 490 आणि दोघांना 980 किलो. वापसा (मशागतीजोगी ओल) सरून जमीन कडक झाली की आकडा आणखी चढतो. जवळपास टनभर ओढ जुन्या, हलक्या ट्रॅक्टरच्या चाकांना पकडून ठेवता येत नाही. त्याच खोलीला 12 इंची एकच फाळ असता तर 420 किलोत भागलं असतं. हा हिशेब कारखान्यात कोणालाच येत नसेल, असं मला वाटत नाही. माहितीपत्रकात जमिनीचा प्रकार, फाळाची रुंदी आणि पिनेची कॅटेगरी न छापता नुसतं एचपी छापणं तुमच्या सोयीचं आहे, एवढंच.

उन्हाळी नांगरट पावसाआधी उरकावी लागते, म्हणून भाड्याने मोठा ट्रॅक्टर लावावा लागला. त्याच्या पावत्या, नांगराचं बिल आणि माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

हा नांगर परत घेऊन लिव्हरने पलटणारा, 12 इंची एक फाळी, कॅटेगरी 1 पिनांचा नांगर द्यावा आणि किमतीतला फरक परत करावा. तसा नांगर तुम्ही बनवत नसाल तर पूर्ण रक्कम द्यावी. ने-आणीचा खर्च आणि भाड्याच्या नांगरटीचे पैसे दोन्ही बाबतींत कंपनीकडेच राहतील. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तोवर नांगर गोठ्याशेजारी झाकून ठेवला आहे. उतरवलेल्या पिनांसह तो पाहायला तुमचा माणूस कधीही पाठवा.

आपला,
एक ग्राहक शेतकरी